एचआयव्ही संसर्गात सीडी४ पेशींचा जन्म-मृत्यू

एचआयव्ही संसर्गात सीडी४ टी-पेशी (प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) मरण्याचा आणि नव्याने तयार होण्याचा, असे दोन्ही वेग वाढतात. रिपोर्टवर येणारा सीडी४चा आकडा ही या दोहोंतली शिल्लक. निरोगी प्रौढात तो रक्ताच्या घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १,५०० असतो. पण शरीरातल्या लसिकापेशींपैकी (सीडी४ पेशी याच गटातल्या) जेमतेम दोन टक्के रक्तात फिरतात, बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा आणि आतड्यात. पहिल्या काही आठवड्यांत आतड्यातल्या सीडी४ पेशींचा फडशा पडतो, तरी रक्ताच्या आकड्यात त्याचा पुरता अंदाज येत नाही.

१९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ या संशोधकांच्या गटांनी रुग्णांना प्रभावी औषधे देऊन विषाणूची वाढ रोखली, तेव्हा रक्तातला विषाणू सुमारे दोन दिवसांत निम्मा होताना दिसला. म्हणजे बाहेरून शांत वाटणाऱ्या वर्षांतही रोज अब्जावधी विषाणू बनत आणि नष्ट होत असतात. सीडी४ पेशींबाबत मग नळ चालू, मोरी उघडी आणि टाकी हळूहळू रिकामी, असे चित्र हो यांनी मांडले. ते अर्धेच खरे ठरले. मरणाऱ्या बहुतेक पेशींत विषाणूची वाढ झालेलीच नसते. आतड्याचे अस्तर कमकुवत झाल्याने जिवाणूंचे घटक रक्तात झिरपतात, प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहते, पेशी विभागतात आणि लवकर मरतात. सीडी८ या दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशींचाही जन्म-मृत्यूचा वेग वाढतो. शिवाय लसिकाग्रंथींतल्या विश्रांत (न चेतलेल्या) सीडी४ पेशींत विषाणूचा शिरकाव अर्धवट राहिला, तरी पेशी तो ओळखून दाहकारक मृत्यू पत्करते. सूटी मँगबी माकडांत एचआयव्हीसारखा विषाणू भरपूर, पण प्रतिकारयंत्रणेचे हे सतत चेतणे कमी. त्यांना एड्स सहसा होत नाही.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा झपाट्याने चढतो, तो मुख्यतः ग्रंथींत अडकलेल्या स्मृतिपेशी (पूर्वीचे संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशी) रक्तात परतल्यामुळे. नव्या पेशी त्यानंतर सावकाश येतात. वय जास्त असेल किंवा सुरुवात २००च्या खाली झाली असेल, तर आणखी सावकाश.

ठाणे-नवी मुंबईतल्या एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांत येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: पावसाळी तापात हा आकडा तात्पुरता घसरतो, दिवसाच्या वेळेनुसारही बदलतो. नमुना जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घेतात. तो फ्रिजमध्ये ठेवायचा नाही आणि मे महिन्याच्या उन्हातही राहू द्यायचा नाही; दोन्हींनी पेशी बिघडतात. तीस टक्क्यांपेक्षा कमी फरकावरून निष्कर्ष काढू नये. गोळ्या नियमित चालू असूनही शंका आली, तर व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचे प्रमाण) पाहावा.