सरकारी तारव्यवहार (ब्रिटिश हिंदुस्थान)

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थान सरकार, प्रांतिक सरकारे, संस्थानांतील रेसिडेंट (ब्रिटिश प्रतिनिधी) आणि लंडनमधील भारतमंत्री (हिंदुस्थानचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री) यांच्यात तारेने चालणारा अधिकृत व्यवहार. निरोप लवकर पोचू लागले एवढाच त्याचा अर्थ नव्हे. निर्णय कोणी घ्यायचा, हेच त्याने बदलले.

विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्ता–डायमंड हार्बर ही प्रायोगिक तार टाकली आणि गव्हर्नर जनरल डलहौसींच्या पाठबळावर 1853 पासून कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही ठिकाणे जोडण्याचे काम सुरू झाले. 11 मे 1857 रोजी दिल्लीच्या तारघरातील ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन यांनी मेरठचे शिपाई बंगले जाळत असल्याची खबर अंबाल्याला दिली. ती पुढे लाहोरला पोचली आणि 13 मे रोजी तिथल्या मियाँ मीर छावणीतल्या देशी पलटणींची हत्यारे काढून घेण्यात आली. तारेचे मोल सरकारने तेव्हाच ओळखले.

लंडनशी संबंध मात्र सहज जुळला नाही. 1865 मध्ये इराणच्या आखातातून तार सुरू झाली, पण वाटेतल्या तारबाबूंना इंग्रजी येत नसल्याने मजकूर पोचेपर्यंत विद्रूप होई. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन समुद्री तार टाकली. पुढे सुएझमार्गे लंडनचे उत्तर काही तासांत येऊ लागले आणि या वाहतुकीचे मुंबई हे मुख्य दार बनले.

याचा काच व्हाइसरॉयांना लागला. पूर्वी बोटीने पत्रोत्तर यायला महिने लागत, म्हणून इथला अधिकारी आधी करी आणि मग कळवी. 1875 मध्ये व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी जकातीचा कायदा लंडनची पूर्वसंमती न घेता सिमल्यात मंजूर केला, तेव्हा भारतमंत्री सॉल्झबरी यांनी त्यांना खडसावले. तार हाताशी असताना विचारले का नाही, या प्रश्नाला आता उत्तर उरले नव्हते. 1905 मध्ये लष्करी कारभारावरून व्हाइसरॉय कर्झन यांचा भारतमंत्री ब्रॉड्रिक यांच्याशी झालेला शेवटचा वादही बराचसा तारांतूनच झाला आणि कर्झन यांच्या राजीनाम्यावर संपला.

तारेत शब्दागणिक पैसे पडत आणि पत्त्याचे शब्दही मोजले जात. म्हणून एकशब्दी सांकेतिक पत्ते नोंदवलेले असत; भारतमंत्र्यांचा पत्ता ‘रीटॅक्सँडम, लंडन’ असा होता. प्रत्येक तारेला क्रमांक आणि तारीख असे, मूळ तार कोणाला आणि प्रत कोणाकोणाला हेही त्यात येई, आणि बहुधा मजकुराची प्रत टपालानेही रवाना होई. गुप्त मजकूर सांकेतिक लिपीत जाई. तो उलगडल्यावर जसाच्या तसा बाहेर देत नसत, शब्द फिरवून देत. मूळ वाक्ये आणि सांकेतिक तार शेजारी ठेवून कोणी संकेत फोडू नये, हा त्यामागचा हेतू. ब्रिटिश संसदेपुढे आलेली तार अभ्यासताना ही बाब विसरून चालत नाही.

काटकसरीतून निघालेला ‘एक्सप्रेस लेटर’ हा प्रकार तर मोठा पाहण्यासारखा आहे. कागदाच्या माथ्यावरच छापलेले असे की, तारेचा खर्च आणि तारांवरचा ताण वाचवण्यासाठी हा निरोप टपालाने पाठवला आहे. तरी तो तारेनेच आला असे समजून तितक्याच तातडीने त्याची दखल घ्यावी. खाली मजकूर तारेच्याच तुटक भाषेत, मायना किंवा समारोपाचे उपचार न पाळता. एखाद्या राज्ययंत्रणेच्या सवयी इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा दस्तऐवज क्वचितच सापडेल.

तार जिथे संपे तिथे मात्र जुनाच काळ सुरू होई. काबूलमधले ब्रिटिश दूत कॅव्हान्यारी यांनी 2 सप्टेंबर 1879 रोजी ‘सर्व ठीक’ असा निरोप धाडला. दुसऱ्याच दिवशी बंडखोर अफगाण पलटणींनी त्यांना ठार केले. काबूलला तार नव्हती, त्यामुळे बातमी घोडेस्वारांकरवी तारेच्या टोकापर्यंत यावी लागली.

व्हाइसरॉय आणि भारतमंत्री एकमेकांना ‘खाजगी’ ताराही करत. त्या सरकारी दप्तरात न लावता व्हाइसरॉय मायदेशी जाताना आपल्या कागदांबरोबर घेऊन जात, म्हणून एकाच निर्णयाची अर्धी हकिकत सरकारी फायलीत आणि अर्धी घराण्याच्या संग्रहात शोधावी लागते.