सेकंड करून सकाळी फर्स्टला: मधल्या तासांत किती झोप मावते?

दुसरी पाळी रात्री साडेदहाला सुटते आणि त्याच माणसाची पहिली पाळी सकाळी सातला लागते. मध्ये साडेआठ तास. ड्युटी चार्ट लावणाऱ्याला यात वावगं काही दिसत नाही, कारण साडेआठ तासांत आठ तासांची झोप बसते. पण हिशेब मांडून बघा. हँडओव्हर देऊन, कपडे बदलून बाहेर पडायला पावणेअकरा. घरी पोचायला साडेअकरा. जेवण, घरच्यांशी दोन शब्द, अंथरुणावर पडायला साडेबारा. सकाळी सातला हजर व्हायचं तर गजर सव्वापाचचा. उरले पावणेपाच तास, तेही पाठ टेकल्या क्षणी झोप लागली तर.

ती लागत नाही, आणि त्यामागे शरीराचं कारण आहे.

झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेचं जे चित्र मांडलं, ते आजही पायाभूत मानलं जातं. झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारा झोपेचा दाब. मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याचा यात मोठा हात आहे, आणि चहा-कॉफीतलं कॅफीन अडवतं ते याच रसायनाचं काम. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेलं जैविक घड्याळ. हे घड्याळ संध्याकाळी उशिरा, नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास, आपल्याला सर्वांत जोरकसपणे जागं ठेवतं. इस्रायलमधल्या हैफाचे पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्ये हे फार सुंदर रीतीने दाखवलं. त्यांनी लोकांना दिवसरात्र सात मिनिटं झोपायला आणि तेरा मिनिटं जागं राहायला सांगितलं. थकलेली माणसंसुद्धा संध्याकाळच्या त्या ठरावीक तासांत सात मिनिटांचा डोळाही लावू शकत नव्हती.

आता आठवडाभर दुसरी पाळी केलेल्या माणसाचा विचार करा. तो रात्री दीड-दोनला झोपतो, सकाळी नऊला उठतो. घड्याळही तसंच पुढे सरकलेलं असतं. म्हणजे ज्या रात्री लवकर झोपायला हवं, नेमक्या त्याच रात्री अकरा-बाराच्या सुमाराला त्याचं घड्याळ झोपेला दारातच अडवतं. त्यात वॉर्डातला किंवा शॉपफ्लोअरवरचा लख्ख उजेड नुकताच डोळ्यांनी घेतलेला असतो, आणि उजेडाने झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन आणखी लांबतं.

दुसऱ्या टोकाला गजर असतो. स्वप्नं पडणारी झोप, म्हणजे रेम झोप, रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असते. पहाटे उठवलं की कात्री तिच्यावरच चालते. शिवाय उद्या लवकर उठायचंय, गाडी चुकता कामा नये, या धास्तीचीही नोंद मेंदूत होते. स्टॉकहोममध्ये तोर्ब्योर्न ऑकरस्टेड यांच्या गटाला असं आढळलं की उद्याच्या दिवसाची काळजी असलेल्या रात्री गाढ झोपेचं प्रमाण कमी असतं. म्हणजे तास कमी, आणि त्या तासांचा दर्जाही हलका.

अशा झटपट परतीच्या पाळ्यांचा सर्वांत कसून अभ्यास नॉर्वेत झाला आहे. तिथल्या रुग्णालयांत संध्याकाळची पाळी करून लगेच सकाळी येणं अगदी रोजचं आहे. बर्गन विद्यापीठाचे संशोधक २००८-०९ पासून परिचारिकांच्या एका मोठ्या गटाचा मागोवा घेत आहेत. दोन पाळ्यांत अकरा तासांपेक्षा कमी अंतर असलं की झोप सहा तासांच्या आसपास किंवा त्याखाली येते, आणि ज्या महिन्यात अशा पाळ्या जास्त, त्याच्या पुढच्या महिन्यात आजारपणाच्या रजा वाढतात, असं त्यांना दिसलं. डेन्मार्कच्या रुग्णालयांतल्या नोंदींतही अशा पाळ्यांनंतर कामावर होणाऱ्या दुखापती जास्त आढळल्या.

पण मला सर्वांत गंभीर वाटतो तो झोपेपेक्षा लक्षाचा मुद्दा. झोपेच्या प्रयोगशाळांत एक साधी चाचणी वापरतात. दहा मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं, आकडे दिसायला लागले की बटण दाबायचं. ताजातवाना माणूस साधारण पाव सेकंदात दाबतो. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला तर ती चूक धरतात, कारण तेवढा वेळ मेंदू तिथे नव्हता. अर्धा सेकंद क्षुल्लक वाटतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी दुचाकी तेवढ्यात आठ मीटर पुढे गेलेली असते, आणि पहिल्या पाळीचा कामगार पहाटे अंधारात बहुधा दुचाकीवरच असतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डाँगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी केलेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे सांगायलाच हवा. निरोगी माणसांचे गट केले. कुणाला रात्री आठ तास झोपू दिलं, कुणाला सहा, कुणाला चार. असे चौदा दिवस. आठ तासवाल्यांची कामगिरी जवळपास टिकून राहिली. सहा तासवाल्यांच्या चुका रोज थोड्या थोड्या वाढत गेल्या, आणि दोन आठवड्यांनी त्यांची अवस्था एक अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखी झाली. चार तासवाल्यांची त्याहून वाईट. मात्र ‘किती झोप येतेय’ असं विचारलं तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांच्या उत्तरांत फारसा फरक पडेनासा झाला. घसरण चालूच होती. ती जाणवणं थांबलं होतं.

‘मला सवय आहे’ हे वाक्य पाळ्यांत काम करणाऱ्या कुणाच्याही तोंडी ऐकू येतं. ते खोटं बोलत नसतात. पण सवय होते ती पेंगुळलेपणाची, लक्ष मात्र सुटतच राहतं. म्हणून जमेल की नाही हे कामगाराला विचारून ठरवणं पुरेसं नाही. गोळ्यांचा डोस मोजणाऱ्या परिचारिकेला किंवा प्रेसवर हात घालणाऱ्या ऑपरेटरला स्वतःच्या मेंदूची ही गैरहजेरी आतून कळत नाही.

मग अशा पाळ्या लावतात तरी का? कारण त्यांचा फायदाही आहे. संध्याकाळी ज्या रुग्णांना पाहिलं त्यांनाच सकाळी पाहता येतं. काम एकत्र दाटून आलं की पुढे सलग सुट्टी मोकळी होते, आणि नॉर्वेतल्या अनेक परिचारिकांना तीच हवी असते. लहान मुलं असलेल्यांचा हा हिशेब मी तरी चुकीचा म्हणणार नाही.

युरोपीय संघाच्या नियमानुसार दर चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांती मिळायला हवी. नॉर्वेतही मूळ नियम अकरा तासांचाच, पण कामगार संघटनेशी करार करून तो आठपर्यंत खाली आणता येतो, आणि रुग्णालयांत तो आणला जातो. आपल्याकडे रेल्वेच्या लोको पायलटसाठी आठ तास किंवा त्याहून जास्त ड्युटीनंतर मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणी, सोळा तास विश्रांतीचा नियम आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात मात्र दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे ४८ तास, असे कामाचेच तास मोजले होते. त्यात दिवस मध्यरात्री सुरू व्हायचा, त्यामुळे रात्री साडेदहाची सुटी आणि सकाळी सातची हजेरी हे दोन वेगळे, नियमात बसणारे दिवस ठरायचे.

हे अंतर वाढवून खरंच फरक पडतो का, हेही बर्गनमधल्या हाउकेलँड विद्यापीठ रुग्णालयात तपासलं गेलं. काही विभागांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून सहा महिने अशा पाळ्या कमी केल्या, बाकीच्यांत पूर्वीसारखंच ठेवलं. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: निद्रानाशाच्या तक्रारी आणि दिवसाची पेंग दोन्ही कमी झाल्या, पण थोड्याच. अशा पाळ्या पूर्ण बंद झाल्या नव्हत्या, फक्त कमी झाल्या होत्या, हे लक्षात घेता मला हा निकाल आशादायक वाटतो.

पाळ्यांचा क्रम बदलण्याचा उपाय त्याहून जुना आहे. माणसाचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी उलट्या फिरणाऱ्या पाळ्या सुलट केल्या, म्हणजे पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. काही कामगारांचा बदलही दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी केला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कामगारांचं समाधान वाढलं आणि उत्पादनही. सुलट क्रमात पाळी बदलताना मधलं अंतर आपोआप मोठं होतं, आणि जादा माणूस लागत नाही.

आपल्या जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ मध्येही एक शहाणी अट होती: आठवडी किंवा इतर सुट्टी झाल्याशिवाय पाळी बदलायची नाही. ती फक्त स्त्री कामगारांसाठी होती. चार्ट लावणाऱ्या प्रत्येक सुपरवायझरने आणि इन्चार्ज सिस्टरने ती सगळ्यांना लावावी, असं मला कळकळीने वाटतं. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.