बुटांच्या घरगुती मलमामागचा इतिहास

कातडे कमावताना त्यातली मूळची चरबी निघून जाते. ती परत भरली नाही तर सुकताना तंतू एकमेकांना चिकटतात, आणि वाकवले की चीर पडते. म्हणूनच कातड्यात तेल जिरवण्याची रीत फार जुनी आहे. होमरच्या ‘इलियड’च्या सतराव्या सर्गात चरबीने माखलेले बैलाचे कातडे माणसे गोलाकार उभी राहून ताणतात, ओल बाहेर पडते तशी चरबी आत मुरते.

युरोपातले कारागीर पुढे हेच करत राहिले. कातडे ओलसर असतानाच त्यावर गुरांची चरबी आणि कॉड माशाचे तेल गरम करून चोळत. या मिश्रणाला डबिन म्हणतात. नुसती चरबी थंडीत गोठून पांढरी बुरशीसारखी वर येते. नुसते माशाचे तेल खोल जाते, पण हवेने चिकट होते. म्हणून दोन्ही एकत्र. लंडनमध्ये कातडे कमावणारे आणि त्यात तेल भरणारे हे कायद्यानेच वेगळे धंदे होते. बैलाच्या पायाच्या हाडांतून काढलेल्या नीट्सफूट तेलाला मान होता तो ते थंडीतही पातळ राहते म्हणून. जनावराचे पाय बाकी अंगापेक्षा थंड असतात, तिथली चरबीही तशीच.

१८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ या रसायनतज्ज्ञाने क्रोम पद्धतीचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे, पेटंट घेतले. क्रोमच्या मऊ कातड्याला तेल कारखान्यातच, पाण्यात मिसळून दिले जाऊ लागले. आजच्या बहुतेक बुटांचे वरचे कातडे याच जातीचे, त्यामुळे त्यांना डबिनच्या काळाइतके तेल लागत नाही.

लोकरीच्या मेणापासूनचे लॅनोलिन आले तेही १८८० च्या दशकात. ब्रिटिश म्युझियमने पुस्तकांच्या बांधणीसाठी लॅनोलिन, मधमाश्यांचे मेण, देवदाराच्या जातीचे तेल आणि हेक्झेन हे द्रावक असे मलम वापरले. हेक्झेन झटकन पेट घेते, ते घरी नकोच. त्याऐवजी २० ग्रॅम मेण, २० ग्रॅम लॅनोलिन आणि ६० ग्रॅम नीट्सफूट किंवा जोजोबा तेल घ्यावे. गरम पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून वितळवावे, थेट आचेवर नाही. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. त्याहून फार तापवण्यात अर्थ नाही.

बूट आधी ओल्या फडक्याने पुसावा. किंचित दमट असतानाच वाटाण्याएवढे मलम पातळ चोळावे आणि रात्रभर ठेवून जादाचे पुसून टाकावे. रंग गडद होतो, तेव्हा आधी बुटाच्या जिभेच्या (नाडीखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला लावून पाहावे. जवसाचे तेल टाळा, ते सुकून कडक होते. ऑलिव्ह तेल खवट होते. स्वेडवर, म्हणजे लव असलेल्या कातड्यावर, तर असे मलम लावूच नये, त्याची लव बसते.

जुन्या कातड्यातून लालसर भुकटी सुटत असेल, तर तिथे आम्लाने तंतूच तुटलेले असतात. तेल ते जोडत नाही, वर काळपटपणा आणि धूळ मात्र वाढते.