अलीबाबाचा शेअर आणि केमनचा कागद

न्यूयॉर्कच्या बाजारात अलीबाबा या चिनी ऑनलाइन व्यापार कंपनीचा शेअर घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडते? त्याला मिळतो तो केमन बेटांवर नोंदवलेल्या एका कंपनीतला वाटा. चीनमध्ये इंटरनेट व्यवसायाचे परवाने ज्या कंपन्यांच्या नावावर असतात, त्यांचे भागधारक चिनी असतात. केमनच्या कंपनीशी त्यांचे नाते मालकीचे नव्हे, कराराचे असते. कर्ज, तारण, मताधिकाराचे पत्र आणि सेवाशुल्काच्या रूपाने नफा बाहेर नेण्याची तरतूद, असे हे करारांचे जाळे 'व्हीआयई' (व्हेरिएबल इंटरेस्ट एंटिटी) या आद्याक्षरांनी ओळखले जाते.

चीनने दूरसंचार आणि इंटरनेट क्षेत्रांत परदेशी मालकीवर निर्बंध ठेवले होते, पण तिथल्या नवउद्योगांना भांडवल हवे होते ते परदेशीच. यातून निघालेल्या पळवाटेने सिना ही चिनी इंटरनेट कंपनी एप्रिल २००० मध्ये नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावर पोहोचली आणि बाकीच्या तिच्या मागोमाग गेल्या. बीजिंगने या रचनेला बरीच वर्षे ना उघड मान्यता दिली, ना बंदी घातली. हे मौन सोयीचे होते, कारण गळफास कधी आवळायचा हे सरकारच्याच हाती राहत होते. गुंतवणूकदारांनीही फार चौकशी केली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या नॅस्पर्स कंपनीने २००१ मध्ये टेन्सेंट या चिनी इंटरनेट कंपनीत सुमारे ३.२ कोटी डॉलर घातले आणि त्यांचे पुढे अब्जावधी झाले. असा परतावा समोर असताना माहितीपत्रकातली धोक्याची पाने कोण वाचत बसणार?

पहिला धक्का २०११ मध्ये बसला. चीनच्या मध्यवर्ती बँकेने ऑनलाइन पेमेंट कंपन्यांना परवाना सक्तीचा केल्यावर, परदेशी हिस्सा असल्यास तो मिळणार नाही असे कारण देऊन अलीपे ही पेमेंट कंपनी अलीबाबा समूहातून काढून अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांच्या नियंत्रणाखालील कंपनीकडे वळवण्यात आली. अलीबाबामध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या याहू या अमेरिकी कंपनीने मे महिन्यात ही गोष्ट आपल्या भागधारकांना कळवली, तोवर हस्तांतर उरकले होते. जुलैत भरपाईचा समझोता झाला, अलीपे मात्र परत आली नाही. एवढे होऊनही २०१४ मध्ये अलीबाबाने न्यूयॉर्कमध्ये २५ अब्ज डॉलर उभे केले, ही भागविक्री त्या वेळी जगातली सर्वांत मोठी ठरली.

पुढचे धक्के थेट सरकारकडून आले. ऑक्टोबर २०२० मध्ये मा यांनी शांघायमधील भाषणात चिनी बँकांच्या सावकारी वृत्तीवर टीका केली. ३ नोव्हेंबरला, म्हणजे शेअर बाजारात दाखल होण्याच्या दोनच दिवस आधी, अलीपे चालवणाऱ्या अँट समूहाची भागविक्री थांबवण्यात आली. दीदी ही टॅक्सीसेवा कंपनी ३० जून २०२१ रोजी न्यूयॉर्कमध्ये नोंदली गेली आणि आठवड्याच्या आत तिचे ॲप चिनी ॲप स्टोअरमधून हटवण्याचा आदेश निघाला. त्याच जुलैत शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावण्यास मनाई झाली आणि त्या क्षेत्रातल्या कंपन्यांचे भाव कोसळले.

अमेरिकेनेही दुसऱ्या बाजूने पेच घातला. डिसेंबर २०२० च्या कायद्याने लेखापरीक्षणाची कागदपत्रे तपासू न देणाऱ्या कंपन्यांना बाजारातून काढण्याची तरतूद झाली. पुढे २०२२ मध्ये युक्रेनवरील हल्ल्यानंतर परदेशी फंडांच्या हातातले रशियन शेअर अडकून पडले, तेव्हा चीनने तैवानवर हल्ला केला तर असेच होईल या भीतीने तैवानचा प्रश्न परराष्ट्र धोरणापुरता न राहता फंड व्यवस्थापकांच्या हिशेबात आला.

तरीही चीनकडे पाठ फिरवणे जमत नाही, याचा अनुभव मुंबईने घेतला आहे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बीजिंगने आर्थिक सवलती जाहीर करताच चिनी शेअर उसळले, आणि ऑक्टोबरमध्ये परदेशी संस्थांनी भारतीय बाजारातून सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढून घेतले. या विक्रीला आपल्याकडचे चढे भाव आणि कंपन्यांचे मंदावलेले निकालही कारणीभूत होते, पण दलाल स्ट्रीटवर त्या महिन्यात चर्चा होती ती चीनचीच.

त्याच्या थोडे आधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, अलीबाबाने हाँगकाँगमधील आपली नोंदणी प्राथमिक, म्हणजे मुख्य दर्जाची करून घेतली. त्यामुळे सप्टेंबरपासून केमनच्या त्याच कंपनीचे शेअर मुख्य भूमीवरील चिनी गुंतवणूकदारांनाही शांघाय आणि शेन्झेनमार्गे घेता येऊ लागले.