६३ आणि १०५ : जुन्या टर्बो डिझेल जीपच्या ताकदीमागची गोष्ट

२०१० साली महिंद्राची थार जीप बाजारात आली तेव्हा एकाच नावाखाली दोन डिझेल इंजिनं मिळत होती. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाच्या डीआयमध्ये २५२३ सीसी आणि ६३ बीएचपी, कॉमन रेलच्या, म्हणजे एका सामायिक नळीतून प्रचंड दाबानं डिझेल फवारणाऱ्या सीआरडीईमध्ये २४९८ सीसी आणि १०५ बीएचपी. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, दोन्हींना होता. सीसी जवळपास सारखे, पण ताकदीत बेचाळीस घोड्यांचं अंतर. जुन्या जीपमधून जास्त पॉवर काढायचा जो खटाटोप गॅरेजांत चालतो, त्याचं मूळ या अंतरात आहे. डीआयवाल्याला वाटत राहतं की आपल्याही इंजिनात ते बेचाळीस घोडे कुठंतरी बांधून ठेवलेत, दावं सोडलं की झालं.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. १ एप्रिल २०१० पासून ज्या १३ शहरांत गाडीच्या धुराचा आणि इंधनाचा बीएस-४ हा कडक निकष लागू झाला, त्यांत दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूरच्या बरोबरीनं सोलापूरही होतं. अनेकांना हे आजही खरं वाटत नाही. पण २००३ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं हवेतल्या सूक्ष्म धुळीवरून ज्या शहरांचे कान उपटले, त्यांत आपलं गाव होतं. परिणाम असा झाला की शहरातल्या पंपावर ५० पीपीएम गंधकाचं डिझेल आणि मोहोळ, बार्शी, सांगोल्याकडच्या पंपांवर ३५० पीपीएमचं. गाड्यांचंही तेच. डीआय थार आधीच्या, सैल बीएस-३ निकषाची होती, म्हणजे शहराच्या पत्त्यावर नव्यानं नोंदवायची सोय नाही, तालुक्याच्या पत्त्यावर मात्र आहे. एकाच जिल्ह्यात हवेचे दोन कायदे सात वर्षं चालले. एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ आलं तेव्हा ते मिटलं. म्हणून जुनी, यांत्रिक पंपाची, कुठल्याही मिस्त्रीला उघडता येईल अशी टर्बो जीप शोधायची तर लोक अजून तालुक्यांत फिरतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. टर्बोचं पेटंट १९०५ चं, एका स्विस अभियंत्याचं. जहाजं, मग ट्रक, आणि टर्बो डिझेल मोटार शोरूममध्ये यायला १९७८ उजाडलं. आपल्याकडे १९४७ पासून जीप जोडल्या जाऊ लागल्या त्या पेट्रोलवर. ऐंशीच्या दशकात फ्रेंच आराखड्याचं डिझेल इंजिन इगतपुरीला बनायला लागलं आणि ग्रामीण महाराष्ट्राची जीप खऱ्या अर्थानं डिझेलवर आली. टर्बो तेव्हाही नव्हता.

सोलापूर जिल्ह्याला डोंगर फारसा नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातला तुळजापूरचा घाट सोडला तर चढ कुठले? इथं ताकद लागत होती ती ओझ्याला आणि चिखलाला. मंगळवेढा, अक्कलकोट, सांगोला रस्त्यांवर वडाप ओढणाऱ्या कमांडर जीपला पॉवर हवी होती ती मागं लटकलेल्या माणसांसाठी. शेतातल्या जीपला हवी होती ती काळ्या मातीसाठी. पाऊस पडून गेला की टायरला चिकटणारी ही माती चांगल्या इंजिनाचा दम काढते. त्यामुळे इथली मागणी कायम खालच्या आरपीएमच्या ओढीची राहिली. वरचा वेग कुणी मागितला नाही.

त्या काळचा उपाय एकच होता, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं डिझेल वाढवणं. डिझेलची कमाल मात्रा ठरवणारा फुल लोडचा स्क्रू थोडा आत, सील परत दाबून बसवायचं, झालं. नॉन-टर्बो इंजिनात याचा फायदा चटकन संपतो, कारण वाढीव डिझेल जाळायला हवाच शिल्लक नसते. वजनाच्या हिशेबानं एक भाग डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा भाग हवा लागते. प्रत्यक्षात अठरा-वीस भागांच्या खाली आलात की सायलेन्सर काळं ओकायला लागतो. टर्बो आल्यावर हे गणित सैल झालं आणि खरी चूक तिथं सुरू झाली. हवा वाढवता येते हे कळल्यावरही सवय डिझेल वाढवण्याचीच राहिली.

हवेचा हिशेब सोलापुरात नीट करावा लागतो. गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाचा पहिला घासच कमी. पुढं टर्बोनं ती ०.८ बारनं दाबली की तापमान सव्वाशे अंशांवर जातं. ती हवा इंटरकूलरमधून, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीतून, पासष्टपर्यंत उतरवली तर त्याच दाबाला पंधरा टक्क्यांहून जास्त हवा आत जाते आणि ज्वलन थंड राहतं. डीआय थारच्या इंजिनाच्या नावात ‘टीसी’ आहे, म्हणजे टर्बो आहे, इंटरकूलर नाही. सीआरडीईला तो आहे. बेचाळीस घोड्यांपैकी बरेचसे या थंड हवेत आणि कॉमन रेलच्या कितीतरी जास्त दाबाच्या फवाऱ्यात आहेत. पैकी पहिली गोष्ट जुन्या गाडीत आणता येते, दुसरी नाही.

क्रम म्हणून असा लागतो : आधी एअर फिल्टर, होजमधली गळती आणि डिझेल फवारणारं नोझल, मग इंटरकूलर, मग गरज असेल तर थोडा बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, डिझेल सगळ्यात शेवटी, आणि तेही एक्झॉस्टचं तापमान मोजत. टर्बोच्या आधी ७०० अंशांच्या वर फार वेळ गेलं तर पिस्टन आणि हेड दोन्ही धोक्यात. उलट्या क्रमानं गेलेल्या गाड्या हेड क्रॅक घेऊन परत येतात. वाढलेली ओढ सोसायची वेळ आली की आधी क्लच बोलतो, मग गिअरबॉक्स.

दरम्यान गाड्याच बदलल्या. १९९८ च्या सफारीत १९४८ सीसीचं टर्बो इंजिन जवळपास दोन टनांची गाडी नव्वदच्या आतल्या ताकदीत ओढत होतं. २००७ मध्ये त्याच सफारीत २.२ लिटरचं १४० पीएसचं इंजिन आलं. २००२ ची स्कॉर्पिओ १०९ बीएचपीची, पुढं कॉमन रेल, मग एमहॉक इंजिन. कॉमन रेलच्या गाड्यांचा पंप स्क्रूनं वाढवता येत नाही. लॅपटॉप लावून इंजिनाच्या संगणकातला मॅप बदलतात किंवा रेलच्या सेन्सरला चकवणारा डबा जोडतात.

आता ज्यावर सगळ्यांचा वाद, तो कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मुळात बऱ्यापैकी समजूतदार होतं. बदल करायचा आहे असं परिवहन कार्यालयाला कळवा, परवानगी घ्या, करा. २००० च्या दुरुस्तीनं त्याची दिशाच उलटी केली. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचाच नाही. अपवाद मुख्यतः गॅसच्या किटसारख्या इंधनबदलाला. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच वाचन पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दंडही आला, प्रत्येक बदलामागं ५००० रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

जीपवाले म्हणतात, आरसीवर सीसी, सिलिंडर, इंधन, वजन, आसनं असतात. बूस्ट आणि पंपाची मात्रा कुठं लिहिलेली असते? तपशील बदललाच नाही तर गुन्हा कसला? दुसरी बाजू म्हणते, कंपनीचा तपशील म्हणजे मंजुरी मिळालेली संपूर्ण गाडी, धुरासकट. कायद्याच्या शब्दांवर पहिली बाजू अगदीच पोकळ नाही, पण २०१९ नंतर तिच्या भरवशावर पैसे लावण्यात अर्थ नाही. मला खटकतं ते वेगळंच. इंटरकूलर बॉनेट उघडताच दिसतो, बाहेरून आणलेला भाग म्हणून तो लगेच बदलात मोजला जातो, आणि धूर कमी करतो तोच. पंपाचा स्क्रू कुणाला दिसत नाही, आणि धूर करतो तो.

पकडायला उरते ती पीयूसी. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक), बीएस-४ ला ५०. पण चाचणी न्यूट्रलमध्ये रेस देऊन होते. बूस्ट चढल्यावरच डिझेल वाढवणारा पडदा ज्या पंपावर आहे, ती गाडी तिथं शांत राहते आणि उसाच्या शेतातून ट्रॉली ओढताना काळी पडते.

आता हा विषय पुन्हा वर आलाय तो वयामुळं. २०१० च्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरली. खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० झालंय, आणि त्यासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. इंजिन नंबर, चेसिस नंबर, पीयूसी आणि नजरेला दिसेल तेवढं तपासलं जातं. त्यासाठी आदल्या दिवशी इंटरकूलर उतरवून मूळ पाइप लावून देण्याचं काम गॅरेजकडे येतं. पंपाला कुणी हात लावत नाही.