तीन सिलिंडरची 'हालणारी' गाडी: तक्रार आली कुठून?

दर्यापूर, मूर्तिजापूर, दारव्हा, दिग्रस. यातल्या कुठल्याही गावच्या गॅरेजवर नवी गाडी घेणाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: "तीन सिलिंडरची नको घेऊ भाऊ, एक सिलिंडर कमी म्हन्ल्यावर हालनच न!" सिलिंडर म्हणजे इंजिनातली नळी, जिच्यात इंधन पेटून पिस्टन वर-खाली होतो. सल्ला देणाऱ्याच्या वावरात चालणारा ट्रॅक्टर बहुधा तीन सिलिंडरचाच असतो.

विदर्भात तीन सिलिंडर कारच्या आधी ट्रॅक्टरमधून आलं. चेन्नईची टॅफे कंपनी १९६० साली सुरू झाली आणि तिनं बनवलेले मॅसी फर्ग्युसनचे तीन सिलिंडरी ट्रॅक्टर पुढं गावोगाव पोचले. स्वराज ७३५ तीन सिलिंडरचा, महिंद्रा २६५ तीन सिलिंडरचा. असल्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो, मध्ये रबराची बैठक (माउंटिंग) नसते, त्यामुळे हादरा सरळ सीटपर्यंत येतो. त्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही. नांगर ओढतो का आणि कापसाची ट्रॉली भरल्यावर दबतो का, एवढंच विचारलं जायचं.

कारचं म्हणाल तर १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली, ती ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. तोवर इथं ॲम्बेसेडर आणि फियाट, दोन्ही चार सिलिंडरच्या. तरीही 'एक कमी का?' असं फारसं कोणी विचारलं नाही, कारण नवी गाडी जुन्या दोघींपेक्षा शांत होती, हलकी होती आणि सकाळी धक्का न मारता सुरू व्हायची. पुढं याच इंजिनावर ओम्नी आली. शाळेच्या पोरांपासून बाजाराच्या भाजीपर्यंत सगळं तिनं वाहिलं.

सुझुकीला तीन सिलिंडरची सवय जपानातल्या छोट्या गाड्यांपासूनची. १९६७ च्या फ्रोंटेमध्ये ३५६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन होतं, पण ते टू-स्ट्रोक. हा फरक महत्त्वाचा आहे. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दर फेऱ्याला पेटतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा, म्हणून तीन सिलिंडर चालतात ते फोर-स्ट्रोकच्या सहासारखे. जर्मनीच्या डीकेडब्ल्यूनं पन्नाशीच्या दशकात '३=६' असं लिहूनच गाड्या विकल्या. पुढं धुराचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक गेलं आणि त्याच तीन सिलिंडरांतले स्फोट निम्म्यावर आले. थरथर तिथून सुरू होते.

स्टँडवर उभ्या गाडीचा हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर असेल तर चार सिलिंडरमध्ये १८०० स्फोट होतात, तीनमध्ये १३५०. दोन स्फोटांत अंतर जास्त, म्हणून प्रत्येक ठोका वेगळा जाणवतो. एसी लावला की अजूनच. दुसरी गोष्ट तोलाची. तीन पिस्टनांची वर-खाली ओढ एकमेकांना पुरती कापते, पण ते एका ओळीत असल्यामुळे इंजिनाची टोकं आळीपाळीनं उचलली जातात, तूर पाखडताना सूप होतं तसं. चार सिलिंडरमध्ये ही डुलणी नसते. त्यात दुसरा दोष असतो: क्रँकच्या दुप्पट वेगाची एक बारीक थरथर, जी वेग वाढला की वाढते. म्हणजे चार सिलिंडर पुरतं निर्दोष आहे असंही नाही. त्याचा दोष हायवेवर येतो, तीनचा सिग्नलवर, आणि शोरूममध्ये गाडी उभीच असते.

या डुलणीवर उपाय जुना आहे. दायहात्सूनं १९७७ च्या शॅरेडमध्ये एक लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनाला उलट फिरणारा बॅलन्स शाफ्ट (तोल साधणारा दांडा) दिला. पण शाफ्ट म्हणजे वजन आणि खर्च, आणि तो फिरवायलाही थोडं पेट्रोल जातंच. फोर्डनं आपल्या एक लिटर टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनात फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) आणि पुली मुद्दाम असंतुलित ठेवून हादऱ्याची दिशा वळवली आणि उरलेलं काम माउंटिंगवर सोपवलं.

मग २००६ चं केंद्रीय बजेट आलं. चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी 'छोटी' ठरली आणि तिचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आला. ही रेघ जीएसटीतही टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के दर लागला, तोही याच मापाच्या गाड्यांना. १२०० सीसी तीन सिलिंडरांत वाटले की प्रत्येकाला ४०० येतात, चारात ३००. मोठ्या सिलिंडरमध्ये उष्णता कमी वाया जाते, घासणारे भाग कमी, मायलेज वाढतं, कारखान्याचा खर्चही वाचतो. त्यामुळे पोलो, मायक्रा, टियागो, नेक्सॉन असा ओघ लागला.

गावात खरी चर्चा झाली ती बोलेरोवरून. २०१६ च्या बोलेरो पॉवर प्लसमध्ये अडीच लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाजागी १४९३ सीसीचं तीन सिलिंडरी आलं आणि गाडी चार मीटरच्या आत बसली. सरपंचापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांची लाडकी गाडी. तिचं एक सिलिंडर गेलं म्हटल्यावर बोलणं होणारच. मे २०२४ मध्ये स्विफ्टचंही तेच झालं. मायलेज वाढलं, ताकद ९० वरून ८२ पीएसवर (अश्वशक्तीवर) आली. मला वाटतं तक्रारीचं मूळ इथं आहे. ८०० मध्ये तीन सिलिंडर पहिल्यापासून होते, बोलेरो-स्विफ्टमध्ये चारातला एक काढून घेतला.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि गॅरेजवर या दोन्हींची नेहमी सरमिसळ होते. हादरा सोसतं ते माउंटिंगचं रबर आणि सायलेन्सरचे हँगर. ते बदलता येतात. क्रँक उलट आखूड आणि ताठ असतो. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी त्या गाड्या आजही गावच्या रस्त्यावर दिसतात.

आपल्याकडं इंजिन मरतं ते पाण्यानं आणि धुळीनं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या, अकोला, अमरावती, बुलडाणा. तिथलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार बसतात, ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) पोखरतं, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हेड गॅस्केट (हेडखालचं सील) उडतं. दोष मात्र तीन सिलिंडरला दिला जातो. पांदण रस्त्यावरची धूळ एअर फिल्टर चोंदवते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढवला तर तीन सिलिंडर थरथरून सांगतं की गिअर उतरव; ऐकलं नाही तर बेअरिंगवर ताण येतो. टर्बो असेल तर ऑइलचा ग्रेड सांभाळावाच लागतो, सुटं ऑइल चालत नाही.

जुनी गाडी बघायला गेलात तर इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत हिरवा किंवा लाल कूलंट दिसला तर पुढचं बोलणं करा. गंजकट पाणी निघालं तर हेड उतरवण्याचा खर्च आधी किमतीतून वजा करा.