कपाशीवरील २,४-डी विकृती

२,४-डी या तणनाशकाचा अंश लागल्याने कपाशीच्या शेंड्याच्या व पानांच्या वाढीत होणारा बिघाड. ज्वारी, मका, गहू, ऊस या पिकांतील रुंद पानांच्या तणांसाठी हे तणनाशक वापरतात. गवतवर्गीय पिके ते बऱ्यापैकी पचवतात, कपाशीला मात्र शिफारशीच्या मात्रेचा शंभरावा हिस्सादेखील बाधतो.

२,४-डी हे ऑक्सिन या वाढ-संप्रेरकाची नक्कल करते. स्वतःचे ऑक्सिन झाड गरजेप्रमाणे निकामी करते. हे रसायन तितक्या सहज मोडत नाही. त्यामुळे झाडात इथिलीन हे वायुरूप संप्रेरक वाढते, देठ आणि कोवळा शेंडा पिळवटून खाली झुकतो. खरी ओळख पुढच्या पानांत पटते. शिरा वाढतात, पण त्यांच्यामधला भाग पसरत नाही. शिरा जवळजवळ समांतर येतात आणि पान अरुंद, बोटे फुटल्यासारखे, भेंडीच्या पानासारखे दिसते. आधी पूर्ण वाढलेली पाने जशीच्या तशी राहतात. त्यामुळे विकृती कोणत्या पेरापासून सुरू झाली यावरून अंश साधारण कधी लागला याचा अंदाज बांधता येतो. मात्रा जास्त असेल तर खोड सुजून तडकते, मुळे आखूड व जाड होतात, पाती (फुलकळ्या) गळतात.

ही लक्षणे पाहून विषाणूजन्य रोग समजून तो पसरवणाऱ्या किडींसाठी कीटकनाशके मारली जातात. तो खर्च वाया जातो. वाऱ्यासोबत तुषार आले असतील, तर धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) ओळी जास्त बाधित दिसतात आणि आत जाताना विकृती कमी होत जाते. २,४-डीचे इथिल एस्टर हे रूप बाष्प होऊन दूर जाते. सोडियम व अमाइन क्षारांत हा धोका कमी. सगळे शेत सारखेच बिघडले असेल तर शेजाऱ्याशी भांडण्याआधी घरचा पंप तपासावा. तणनाशक मारलेला पंप नुसत्या पाण्याने विसळला, तर नळी आणि नोझलमध्ये उरलेला अंश पुढच्या कीटकनाशकाच्या फवारणीतून थेट कपाशीवर जातो. तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

उतारा नाही. सौम्य बाधा झालेले झाड काही आठवड्यांनी निरोगी पाने काढते. विकृत शेंडा खुडल्यास बाजूच्या फांद्या फुटतात. पाते लागण्याच्या काळात बाधा झाली, तर गळ भरून निघायला वेळ लागतो आणि वेचणी लांबते.